अकरा मिनिटांनंतर

आंबेखोलच्या जुन्या मराठी शाळेत मुलं येईनाशी होऊन बरीच वर्षं झाली होती, पण रांग मात्र परत आली होती. सकाळी नऊला प्रमिला परब कुलूप काढायची, पायरीवरची पानं झाडून टाकायची आणि आलेल्यांच्या हातात नंबराचे पत्र्याचे बिल्ले द्यायची. आत चौथीच्या वर्गात फळा जागच्या जागी होता. फळ्यासमोर एक आरामखुर्ची, तिच्या डोक्याशी वायरींनी भरलेला टोप आणि शेजारी कपड्यांच्या कपाटाएवढं यंत्र. बाहेरच्या पाटीवर 'पूर्वचित्रण केंद्र' असं लिहिलं होतं. गावानं ते एकदा वाचलं, जिभेला जड म्हणून सोडून दिलं आणि आपलं नाव ठेवलं, 'बघूची खोली'.

या खोलीत माणसं आपलं पुढचं आयुष्य बघायला येत. दर पाच वर्षांनी एकदा, प्रत्येक सज्ञान माणसाला, हक्कानं. कुठल्याही कारखान्याला किंवा कचेरीला त्या दिवशी रजा नाकारता येत नसे. माणसानं मधूनमधून थांबावं, आपण कुठे चाललो आहोत ते बघावं, असा त्यामागचा चांगला हेतू. चांगल्या हेतूंचं आपल्याकडे जे होतं ते याचंही झालं. आंबेखोलनं त्याचा कौल करून टाकला.

कौल म्हणजे काय हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. रवळनाथाच्या देवळात गुरव पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, विचारणाऱ्याच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, मुंबईची नोकरी, भावाभावांतली वाटणी, सगळं या पाकळ्यांनी ठरवलेलं ते गाव. त्यामुळे केंद्राच्या प्रमुख डॉ. शाल्मली ठोंबरे यांनी कितीही समजावलं तरी डोक्यावरचा टोप निघाल्याबरोबर माणूस पहिल्यांदा हेच विचारायचा, "मॅडम, मगे उजवी काय डावी?"

शाल्मली मूळची मिरजेची, वय तेहतीस, मेंदूविज्ञानात डॉक्टरेट केलेली. तीन वर्षांपासून ती प्रत्येकाला तेच सांगत होती. मेंदूच्या आत समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. आठवणी जुळवायचं काम त्याचं, आणि त्याच आठवणींचे तुकडे वापरून उद्याची चित्रं बनवायचं कामही त्याचंच. 'जाऊ की नको' असं मनात आलं रे आलं की अशी शेकडो चित्रं क्षणात तयार होतात आणि आपल्या नकळत पुसली जातात. त्यांना म्हणायचं पूर्वचित्रं. यंत्र करतं ते इतकंच, की पुसलं जाणारं चित्र धरून ठेवतं. माणूस डोळे मिटून त्यात वावरतो आणि त्याचं धूसर रूप पडद्यावर उमटतं. हे भविष्य नाही, तुमचं डोकं रोज जे टाकून देतं ते आहे, असं ती बजावायची. लोक मान डोलवायचे आणि बाहेर जाऊन सांगायचे की मशीननं पनवेलला जायला सांगितलं.

तिनं स्वतःही त्या खुर्चीत बसून पाहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी. तिला दिसलं टोरांटो. पांढरं शुभ्र स्वयंपाकघर, खिडकीबाहेर बर्फ, ओट्यावर पिवळी किटली आणि आपण एकटी, निवांत. ते चित्र तिला इतकं आवडलं की तिनं तिकडच्या प्रयोगशाळेला अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि आता तीन आठवड्यांवर विमान आलं होतं. मिरजेच्या आईला आणि 'जरा थांबून बघू या' म्हणणाऱ्या एका माणसाला तिनं जाणार म्हणून सांगून टाकलं होतं. लोकांना ती 'हे भविष्य नाही' म्हणून सांगत असे, स्वतःला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सात नंबरचा बिल्ला विश्राम गुरवांनी घेतला आणि रांगेत एकदम खसखस पिकली. चाळीस वर्षं पाच गावांना कौल लावून देणारा माणूस स्वच्छ धोतर नेसून मशीनच्या दारात! कुणी मोठ्यानं गाऱ्हाण्यातलं "होय महाराजा" म्हणालं. कुणी विचारलं की देवाकडून रजाचिठ्ठी आणली का. विश्राम हसले, पायरीवर बसले आणि आपला नंबर येईपर्यंत समोरच्या फणसाकडे बघत राहिले. त्रेसष्ट वर्षांचा, काटक, कमी बोलणारा माणूस. थट्टा करणाऱ्यांपैकी निम्म्यांची लग्नं त्यांच्याच पाकळ्यांनी जुळली होती, त्यामुळे थट्टाही तशी बेतानंच चालली होती.

आत आल्यावर त्यांनी शाल्मलीला सगळं सरळ सांगितलं. शनिवारी देवस्थान कमिटीची बैठक होती. पुढची बारा वर्षं देवाची सेवा कोण करणार ते त्या दिवशी ठरायचं. त्यांनी हो म्हटलं तर ती पंचाहत्तरीपर्यंत त्यांच्याकडेच राहणार. नाही म्हटलं तर पुतण्या नंदू तयार होता, पण मग देवळामागचं घरही नंदूचं. पुण्याला मुलगी सुनंदा होती, तिनं एक खोली रंगवून ठेवली होती आणि रोज फोन करून कधी येता म्हणून विचारत होती. बायको जाऊन चार वर्षं झालेली. कमिटी म्हणत होती राहा, मुलगी म्हणत होती या, आणि विश्रामांना स्वतःला काय हवं ते काही केल्या कळत नव्हतं. आंबेखोलात गुरवानं स्वतःसाठी कौल लावायचा नाही अशी रीत होती. आयुष्य आता शेवटच्या वळणाला लागलेलं, आणि हे वळण एकदा घेतलं की मागे फिरणं नव्हतं.

"देवाक सगळ्यांचा इचारलंय," ते म्हणाले. "माझा कोण इचारतलो?"

शाल्मलीनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि टोप घातला. दुसऱ्या मिनिटाला पडद्यावर पुणं आलं. गॅलरी, स्टीलचे चकचकीत कठडे, कुंडीत तुळस, आत राखाडी सोफा आणि चालू टीव्ही. विश्राम खुर्चीत बसलेले, पायात मोजे. कठडे बघून शाल्मलीला नेहमीसारखं हसू आलं. अगदी असलेच कठडे तिनं या पडद्यावर शेकडो वेळा पाहिले होते. पाचव्या मिनिटाला चित्र बदललं. रवळनाथाचं देऊळ, पाठीत वाकलेले विश्राम पाषाणाला पाकळी लावताहेत, मागे माणसं बसली आहेत. कोपऱ्यातला तपशिलांचा आकडा सहाशेच्या आसपास होता. चित्रात किती वेगवेगळे बारकावे आहेत हे तो आकडा सांगत असे, आणि सगळ्यांचाच तो पाचशे ते सातशेच्या मध्ये असायचा.

अकरा मिनिटं होत आली तशी चित्रं विरली आणि घंटा वाजली. ही अकरा मिनिटं शहरातल्या एका प्रयोगशाळेत ठरली होती. तिथे सुरुवातीला विद्यार्थ्यांवर प्रयोग झाले तेव्हा अकराव्या-बाराव्या मिनिटाला प्रत्येकाचं चित्र नाहीसं व्हायचं. मेंदू थकला, असा निष्कर्ष निघाला, तो नियम झाला, आणि शहरांतल्या केंद्रांत दिवसाला तीस-चाळीस माणसं बसवायची म्हटल्यावर तो सोयीचाही झाला. सोयीचा नियम सहसा कुणी तपासत नाही. शाल्मलीनंही कधी तपासला नव्हता.

ती टोप काढायला गेली तर विश्रामांनी हात वर करून तिला अडवलं. चित्र गेलं काका, आता काही दिसत नसेल तुम्हाला, असं तिनं सांगितलं.

"दिसणा नाय," ते डोळे मिटूनच म्हणाले. "पण थांबूया."

मेंदू थकलाय, जास्त ताण बरा नाही, वगैरे तिनं समजावून पाहिलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "बाय, एक गजाल सांगू? कोणाक सांगूची नाय पण."

ती स्टुलावर बसली.

"घाईत इलेलो माणूस मी वळाखतंय. तेच्या फुलाक मी पाणी जास्ती लावतंय. मगे फूल पडाक तास लागता, कधी दोन तास. तवसर तो थंय बसान रवता. पयल्यांदा तो शेजाऱ्याचो इचार करता. मगे बायलेचो. मगे पोरांचो. सगळ्यांचो संपलो काय मगे तेचो सोताचो सुरू होता. फूल पडता तेवा तेचा आधीच ठरलेला आसता."

शाल्मलीला हसावं की काय करावं कळेना. चाळीस वर्षं पाच गावं ज्याला देवाचं बोलणं समजत होती, त्यात एवढी एक जास्तीच्या पाण्याची गोष्ट होती. तिनं विचारलं, आणि पाकळी नको त्या बाजूची पडली तर?

"मगे तो परत इचारूक येता," विश्राम म्हणाले. "तेवाच कळता, तेका काय व्हया ता."

तिनं घंटेचा खटका बंद केला. का केला ते तिला नीटसं सांगता आलं नसतं. एक तर त्या म्हाताऱ्याचा शांतपणा, आणि दुसरं म्हणजे आपण ज्या अकरा मिनिटांवर बोट ठेवून बसलो आहोत त्यांच्या पलीकडे काय असतं हे आपल्याला माहीतच नाही, ही गोष्ट तिच्या पहिल्यांदाच नीट लक्षात आली होती.

बाहेर रांग कुरकुरू लागली. प्रमिलानं कुणाला उद्याचा नंबर दिला, कुणाला चहा पाजला, एकाला तर दोन शब्दही सुनावले. तालुक्याहून संदेश आला की सत्र लांबलंय, कारण कळवा. शाल्मलीनं 'तपासणी' असं कळवून टाकलं. पडदा राखाडी होता. तपशिलांचा आकडा शून्यावर. एक तास गेला, दीड तास गेला. विश्रामांचा श्वास संथ चालला होता, झोप लागली नव्हती, हृदयाचे ठोके व्यवस्थित. मधूनमधून पडद्यावर काहीतरी उगवायचं आणि जायचं. कुणाचं तरी भांडण, कुणाच्या तरी मुलीचं लग्न, एक विहीर. एकाही चित्रात ते स्वतः नव्हते. चाळीस वर्षं ऐकलेले दुसऱ्यांचे प्रश्न एकेक करून बाहेर पडत असावेत, असं तिला वाटलं. दुपारी जेवायची वेळ झाली तेव्हा तिनं त्यांना विचारलं, तर त्यांनी नुसतीच मान हलवली.

दोन वाजून दहा मिनिटांनी आकडा हलला.

आधी पडद्याच्या खालच्या बाजूला तांबूस डाग दिसला. तो पसरला आणि कातळ झाला. आंबेखोलच्या वर जो मैलभर लांबरुंद सडा आहे, जांभ्या दगडाचा उघडा माळ, तो. पहाटेची वेळ. कातळाच्या भेगांतलं वाळकं गवत दिसायला लागलं, मग गवतावरचं दव, मग दवाच्या थेंबाखालून चाललेल्या मुंग्यांची ओळ. आकडा सातशेच्या पुढे गेला तेव्हा शाल्मली स्टुलावरून उठून उभी राहिली. तीन हजार. नऊ हजार. पडद्यावर आजवर तिनं रंग असा पाहिलाच नव्हता, आणि आता दगडाच्या तांबड्यातले किती प्रकार दिसत होते त्याची मोजदाद लागेना. दहा हजाराला आकड्याची जागा संपली आणि तिथे नुसती रेघ आली.

चित्रात दोन हात आले. खूप म्हाताऱ्या माणसाचे, नव्वदीतल्या, थरथरणारे. ते विश्रामांचेच आहेत हे अंगठ्यावरच्या जुन्या व्रणामुळे कळत होतं. हातांनी तांब्या कलता केला. कोरड्या कातळावर पाणी पसरलं, दगड गडद झाला आणि त्या गडद रंगातून एक कोरलेली रेघ वर आली. म्हाताऱ्यानं तळहातानं माती सारली. रेघ वळली. पुन्हा पाणी, पुन्हा तळहात. हळूहळू एका माशाची पाठ दिसली, मग कल्ले, मग शेपटी. अंगणाएवढा मासा होता तो, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर कोरून ठेवलेला. म्हातारा त्याच्या कडेला मांडी घालून बसला. फूल वाहिलं नाही, हात जोडले नाहीत. उजेड वाढत गेला आणि तो बघत बसला, बस्स.

प्रमिला कधी आत येऊन मागे उभी राहिली ते शाल्मलीला कळलं नाही. हे यंत्र बाहेरून काहीही आणत नाही, हे तिच्याइतकं त्या जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे हे सगळं, मुंग्यांपासून माशापर्यंत, चौथी शिकलेल्या एका माणसाच्या कवटीत होतं. रोज पाकळ्या लावताना होतं, मुलीशी फोनवर बोलताना होतं, आणि बाहेर यायला त्याला कुणी अकरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिला नव्हता. देवळात ती आजवर कधी मनापासून नमली नव्हती, पण त्या घटकेला तिला पडद्यापुढे वाकावंसं वाटलं.

पावणेतीनला विश्रामांनी डोळे उघडले. टोप निघाला. असा मासा कुठे पाहिला होता का, असं शाल्मलीनं विचारलं. शेजारच्या गावांत सड्यांवर तशी चित्रं आहेत असं त्यांनी ऐकलं होतं, फुलं-पत्री आणायला ते सड्यावर जात, पण असं काही कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांचे डोळे भरून आले.

"थंय कोणी माका काय इचारूक नाय," ते म्हणाले. "एक माणूससुदा नाय."

प्रमिलानं त्यांना पाणी दिलं. ते पिऊन ते घरी गेले.

शनिवारच्या बैठकीला अख्खं गाव लोटलं होतं. कमिटीच्या अध्यक्षांनी आधी दोन-चार इकडचं तिकडचं बोलून घेतलं आणि मग सगळ्यांच्या मनातलं विचारलं, मशीनची उजवी पडली की डावी? विश्राम म्हणाले की काहीच पडलं नाही. सेवा त्यांनी नंदूच्या हवाली केली, चाव्यांचा जुडगा त्याच्यापुढे ठेवला आणि आपण सड्याखालच्या मांगरात राहायला जाणार म्हणून सांगितलं. मांगर म्हणजे शेतातली खोपी, जिथे गवत आणि अवजारं ठेवतात. लोक म्हणाले, मशीननं म्हाताऱ्याच्या डोक्याचा पार खुळखुळा केला. सुनंदा फोनवर आधी रडली, मग चिडली, मग म्हणाली की रविवारी मी स्वतः येते आणि बघते. विश्रामांनी तिला ये म्हटलं, येताना जाड सोलची चप्पल घालून ये, एवढं फक्त सांगितलं.

रविवारी पहाटे शाल्मलीही गेली. सुनंदा आली होती. तिघं सडा चढून वर आली तेव्हा नुकतं उजाडत होतं. चित्रातली जागा हीच, असं विश्रामांना वाटलं. त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं, तळहातानं माती सारली. दगड ओला झाला आणि तसाच राहिला. रेघ नाही, काही नाही. त्यांनी अजून दोन ठिकाणी करून पाहिलं. शाल्मलीला अपराधी वाटायला लागलं. घर गेलं, देऊळ गेलं, आणि हाती काय आलं, ओला दगड. तिनं त्यांना पुन्हा तेच सांगितलं, की काका, ते भविष्य नव्हतं, तो मासा असेलच असं नाही.

"ता माका ठावक आसा," विश्राम म्हणाले. त्यांनी तांब्या झटकला आणि सभोवार पाहिलं. चारी बाजूंनी नुसता कातळ, आभाळाला टेकलेला. त्यांच्या चेहऱ्यावर निराशेचं नाव नव्हतं. "हंय नाय तर थंय. सडो मोठो आसा."

सुनंदा वडिलांकडे बघत राहिली. नंतर तिनं शाल्मलीला सांगितलं की बाबांना एवढं खूश बघितल्याचं तिला आठवत नाही. पुण्याच्या खोलीबद्दल त्या दिवशी ती काहीच बोलली नाही.

सोमवारी केंद्र बंद ठेवून शाल्मलीनं जुन्या नोंदी काढल्या. तीन वर्षांत तीन हजार एकशे बारा माणसं त्या खुर्चीत बसली होती. प्रत्येकाची अकरा मिनिटं यंत्रात साठवलेली. तिनं ती एकमेकांवर ठेवून पाहिली. दोन हजारांहून अधिक माणसांच्या चित्रांत तीच गॅलरी होती. तेच स्टीलचे कठडे, तोच राखाडी सोफा, खाली उभी तीच पांढरी गाडी. ज्यांनी कधी पुणं पाहिलं नव्हतं त्यांच्याही चित्रांत. आजवर तिला याची गंमत वाटायची, माणसांची स्वप्नं सारखी असतात म्हणून. आता गंमत वाटेना. जाहिरातींत पाहिलेलं, शेजाऱ्यानं सांगितलेलं, आईनं सुचवलेलं, जे डोक्यात सगळ्यांत वर साठलेलं असतं ते पहिल्या अकरा मिनिटांत वर येतं आणि विरतं. थकलेला मेंदू म्हणून ज्याची नोंद झाली, ती मेंदूची जागा रिकामी होण्याची वेळ होती. नेमक्या त्याच वेळेला घंटा वाजवून माणसाला उठवायचं, हा नियम राज्यभरातल्या सगळ्या केंद्रांत पाळला जात होता. त्या चित्रांवरून किती नोकऱ्या सुटल्या, किती लग्नं मोडली, किती जमली, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

तिनं अहवाल लिहायला घेतला. प्रमिला शेजारी उभी राहून पडद्यावरच्या गॅलऱ्या बघत होती. तिचं स्वतःचं चित्रही त्यांत होतं. त्या चित्राच्या भरवशावर तिचा नवरा दीड वर्षापूर्वी पनवेलला गेला होता, आणि आता दोन महिन्यांतून एकदा यायचा.

"मॅडम," तिनं विचारलं, "म्हणजे आमी जा बघितला, ता आमचा नव्हताच?"

पहिल्यांदा शाल्मलीच्या मनात आलं की अहवालात सगळं आहेच, तो वर जाईल, नियम बदलतील. मग तिनं लिहिणं थांबवलं, उठून खुर्चीपाशी गेली आणि प्रमिलाला म्हणाली की घंटेचा खटका बंद कर, आणि मी सांगेपर्यंत टोप काढू नकोस. किती वेळ लागेल, असं प्रमिलानं विचारलं. माहीत नाही, असं तिनं खरं ते सांगितलं.

डोळे मिटल्यावर दुसऱ्या मिनिटाला टोरांटो आलं. पांढरं स्वयंपाकघर, बर्फ, पिवळी किटली. सगळं होतं तसंच सुंदर. या वेळी ती त्यात फिरली नाही, दारात उभी राहून नुसती बघत राहिली. किटली कुठे पाहिली होती ते तिला आठवलं. तिच्या मार्गदर्शक बाईंच्या घरी. त्या बाईंसारखं व्हायचं असं तिनं बाविसाव्या वर्षी ठरवलं होतं, आणि पुढे काय ठरवलं ते आठवायला गेली तर काही सापडेना. किटलीच्या कडा पुसट व्हायला लागल्या. मग खिडकी गेली, मग बर्फ. अकरावं मिनिट उलटून गेलं असावं. सगळीकडे राखाडी झालं.

तिला वाटलं होतं की भीती वाटेल. वाटलीही. ज्या चित्राच्या जोरावर आईचा चेहरा बघायचं टाळलं, एका चांगल्या माणसाला दोन ओळींत उत्तर देऊन ती मोकळी झाली, ते चित्र धुक्यासारखं निघून गेलं होतं आणि मागे तिचं म्हणून काहीच उरलं नव्हतं. लांबून प्रमिलाचा आवाज आला, थांबवू काय म्हणून विचारणारा. शाल्मलीनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि नको म्हणाली. त्या राखाडीत खूप खाली कुठेतरी काहीतरी हललं, की हलल्यासारखं वाटलं. ते वर येईल का, आणि आलं तर आपलं म्हणून ओळखता येईल का, हे तिला ठाऊक नव्हतं. पण त्याहून मोठा एक प्रश्न समोर येऊन उभा राहिला होता आणि तो विचारायला या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. टोरांटो माझं नव्हतं, तर मग गेली तेहतीस वर्षं माझ्या जागी कोण जगत होतं?